निवडून आलेल्याचं पोतं

यमुनेचा शेवटचा फोन मी उचलला नाही. सकाळचे आठ-साडेआठ झाले असतील. मी वलगावच्या मळ्यात सांबाराच्या जुड्या बांधत बसलो होतो... पुण्याकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात ते आमचं सांबार... आणि मला वाटलं, ही राजापेठेतून आता कालच्या जुड्यांबद्दल बोलणार. "जुडी बांधता का नुसते देठं बांधता जी?" हे तिचं रोजचं होतं. म्हटलं, वाजू दे. थोड्या वेळानं परत वाजला तेव्हा कमल होती. कमल म्हणजे रस्त्यावर तिच्या बाजूला भाजीचं दुकान लावणारी, अर्ध्या जन्माची शेजारीण. म्हणाली, "भाऊ, लवकर निंगा. बाई वांगे तोलता तोलता आडव्या झाल्या. 'माह्यं दुकान पाय जरा' म्हनल्या अन् पोत्यावरच लवंडल्या." मी धावत घरी आलो, दारात सायकलचा पंप आडवा पडला होता त्याला अडखळलो, त्याला एक शिवी हासडली आणि सायकल दामटत फाट्यावर गेलो. तिथून ऑटो. दवाखान्यात पोचलो तोवर चादर तोंडावर ओढलेली होती. इतक्या वर्षांत मी उशिरा आलो आणि ती काही बोलली नाही, असं पहिल्यांदा झालं.

सव्वा महिना झाला त्याला. पेपरच्या पुरवणीवाले म्हणाले, जसं बोलता तसं लिहा. चौथी पास माणसाला दुसरं काही येतही नाही. आणि रडकं लिहिलं तर यमुनेला आवडणार नाही. तिला रडणारा माणूस समोर आला की ती त्याच्या हातात निवडायला मेथी द्यायची.

आमचं लग्न झालं तेव्हा मी अकोटला जिनिंगमध्ये कामाला होतो, कापसाचे गठ्ठे उचलायला. माझ्याबरोबर मनोहर होता, माझ्याच गावचा, लहानपणापासूनचा दोस्त. मजुरांचा संप झाला की मनोहर भाषण करायचा आणि मी झेंडा धरायचो. यमुना अकोल्याकडची, भाजीवाल्या बागायतदारांच्या घरची. लग्नानंतर पहिल्यांदा डबा घेऊन गेटवर आली, तेव्हा मनोहरचं भाषण चालू होतं. ऐकलं तिनं सगळं. घरी आल्यावर म्हणाली, "तुमचा दोस्त बोलते चांगला, पन बोलतानी डोये मिटून घेते. समोरचे लोकं उठून गेले तं याले समजनार कसं?" मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तर खरंच तो डोळे मिटूनच बोलत होता. दोस्ताला मी वीस वर्षं ओळखत होतो, हिला एका डब्यात समजलं.

जिनिंग बंद पडली तशी आम्ही दोघं वलगावला आलो. माझा थोडासा मळा होता, मी पिकवायचो, ती पहाटेच्या गाडीनं टोपले घेऊन अमरावतीला राजापेठेत जायची. तिथं रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसणाऱ्या पंधरा-वीस बायका तिनं हळूहळू एकत्र केल्या. संघटनेला नाव नव्हतं, शिक्का नव्हता. लोक नुसतं "बायका" म्हणत. "आज बायका येऊन राहिल्या" म्हटलं की हापिसातला बाबूही चहा अर्धा सोडून उठायचा. मनोहरनंही बस्तान अमरावतीत हलवलं होतं. भाषणं त्याची, बायका हिच्या, असं बरेच दिवस चाललं. मग मनोहर नगरसेवकाच्या निवडणुकीला उभा राहिला. यमुना गल्लीगल्ली फिरली, चपला झिजल्या, मनोहर निवडून आला.

गुलाल लावून, हार घालून तो मिरवणुकीतून सरळ आमच्याकडे आला. घरात एकच खुर्ची होती, लाल प्लास्टिकची. मी ती पुसून पुढं केली. यमुनेनं ती उचलली, भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि जमिनीवर एक पोतं अंथरलं. सरकी-ढेपेचं पोतं, धुतलेलं, कडेला जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी शिवलेली. तिचं रोजच्या दुकानाचं पोतं. मनोहर म्हणाला, "काय वं वहिनी, जिंकून आलो अन् खाली बसवतं?" ती म्हणाली, "खुर्ची तुले तिकडं भेटली ना? मंग इथीसा कायले पायजे? आमी दिवसभर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं खालून पायतो. तू आठ दिवसातून येक डाव पाय." तो हसला आणि बसला. ती वर पलंगाच्या काठावर बसली, आणि मान वर करून त्यानं तिची सगळी गाऱ्हाणी ऐकली. त्या दिवशी त्याचे डोळे उघडे होते, कारण मान वर करून डोळे मिटले की माणूस मागं पडतो.

तेव्हापासून ती रीतच झाली. रविवारी मनोहर यायचा, पोत्यावर बसायचा. मात्र ती घरी नसली की मी त्याला गुपचूप खुर्ची द्यायचो. दोस्त होता माझा, आणि गुडघे त्याचेही दुखायचे. ती येण्याची चाहूल लागली की तो टुणकन खाली. हे चोरटं काम आम्ही दोघांनी कित्येक वर्षं केलं आणि आम्हाला वाटायचं की तिला माहीत नाही.

मग तो रस्त्याचा मामला आला. राजापेठेतला रस्ता रुंद करायचा ठरलं, आणि बायकांनी मागच्या गल्लीत बांधलेल्या ओट्यांवर बसावं असं निघालं. ओटे चांगले होते, वर पत्रा, नळही होता. फक्त तिथं गिऱ्हाईक येत नव्हतं. शिकवणीला पोट्टे सोडायला आलेली बाई गाडीवरूनच "पाव किलो भेंडी द्या" म्हणते, ती काही गाडी लावून गल्लीत शिरत नाही. मनोहरचं म्हणणं, मी आत भांडून ओटे तरी मिळवले, घेऊन टाका, नाहीतर तेही जातील. यमुनेचं म्हणणं, तू आमच्यासाठी भांडला की आम्हाला समजावायला आला? रविवारी तो पोत्यावर, ही पलंगावर, दोघं असे भांडले की बाजूची म्हैस दोर तोडायला लागली. "तुले बाहेरून वरडाले काय जाते वहिनी, आत मी येकटा हाय!" तो म्हणायचा. "येकटा हाय तं आमाले संग ने. नेत नाई, अन् वरून येकटा म्हनून रडतं!" ही म्हणायची. दोघांचंही मला पटायचं. पण मला असं दोघांचं पटतं, हे दोघांनाही पटायचं नाही.

एक दिवस गाडी पकडायला निघता निघता ती मला म्हणाली, "उद्या बायका मनोहरच्या दारात दुकान लावनार हायेत. तुमी कोनाले सांगू नका." मोर्चाची गोष्ट ती नेहमी अशी जाता जाता किंवा फोनवर सांगायची, म्हणजे मला वाद घालायला वेळ मिळू नये. आता मी काय केलं ते पहिल्यांदाच लिहून राहिलो. ती गेल्याबरोबर मी सायकल काढली. माझ्या सायकलचं मागचं चाक म्हणजे रोज बसणारं, पण नशीब, त्या दिवशी हवा टच्च होती. मी वलगावहून थेट मनोहरच्या घरी गेलो आणि सांगितलं, "उद्या येतेत. तू घरी नोको राहू." तो विचारात पडला, म्हणाला, "बरं केलं बे वामन, सांगतलं." बायकोच्या माणसांची खबर मी दुसऱ्या बाजूला दिली होती. दुसरी बाजू माझ्या दोस्ताची होती, एवढंच मी स्वतःला समजावत राहिलो. आणि खरं सांगायचं तर हे पहिल्यांदा नव्हतं. बायकांचा मोर्चा ठरला की मी खबर द्यायला निघायचो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बायका टोपले घेऊन त्याच्या गेटपाशी पोचल्या, मीही मागून. तर मनोहर पळाला नव्हता. गेट उघडं, अंगणात पातेलंभर चहा, आणि ओसरीवर रस्त्याच्या कामाचा मोठा साहेब बसलेला. यमुनेनं एकदा साहेबाकडं पाहिलं, एकदा मनोहरकडं, आणि अंगणात पोतं अंथरलं, वांगी मांडली. बाकीच्याही बसल्या. अर्ध्या तासात मनोहरच्या अंगणात बाजार भरला. शेजारपाजारचे घ्यायला आले. साहेबाला समोर ये-जा करायला वाट राहिली नाही, तशी कमल म्हणाली, "साहेब, बसा ना इथंसा, पोतं साफ हाय." आणि तो खरंच बसला. मान वर करून त्यानं पाहिलं की गिऱ्हाईक कसं उभ्या उभ्या घेतं, कसं गाडी न थांबवता विचारतं. जाताना मेथी घेऊन गेला. निकाल असा लागला की सकाळी अकरापर्यंत बायका जुन्या जागी बसतील, नंतर ओट्यावर.

सगळ्या बायका खुश. यमुना नाही. "अर्धंच देल्लं," सगळ्यांसमोर मनोहरला म्हणाली. "संध्याकाळचं गिऱ्हाईक कोन देईन? तू आमचा मानूस हायेस का आमच्यातला साहेब, एकदाचं सांगून टाक." मनोहरचा चेहरा उतरला. तो इतकंच म्हणाला, "आतबी शिव्या, बाहेरबी शिव्या. कुठीसा जाऊ मी?" आणि आत गेला. त्यानंतर वर्ष-सव्वा वर्ष तो आमच्याकडे आला नाही. रविवारी ती पोतं घरी आणायची, झटकायची, अंथरायची नाही, घडी करून ठेवायची. मला वाटायचं, मी खबर दिली नसती तर साहेब आला नसता, मग तिला पूर्ण मिळालं असतं किंवा काहीच मिळालं नसतं, पण हे दोघं असे तुटले नसते. तिला सांगायची हिंमत होत नव्हती.

त्याच दिवसांत आमची वर्षा अमेरिकेतून रोज फोन करायची. आमची एकुलती एक पोरगी. अमरावतीत कॉम्प्युटर शिकली, नोकरीनं तिकडं गेली आणि तिथं जाऊन भाडेकरूंच्या संघटनेत घुसली. आईचंच रक्त. त्यांनी आपल्या विचाराची एक मास्तरीण शहराच्या कौन्सिलात निवडून आणली होती, बर्फात दारोदार फिरून. आणि त्या बाईनं आत गेल्यावर घरभाड्याच्या कायद्यात अर्ध्यावर तडजोड केली. आता संघटनेत दोन तट. एक म्हणतात ती गद्दार, तिच्या घरासमोर बसायचं. दुसरे म्हणतात ती आपली, आत राहून जेवढं होतं तेवढं करते, तिला दुखवू नका. वर्षा सांगता सांगता रडकुंडीला आली. इथं आमची सकाळ, फोन मोडक्या आरशाला टेकवलेला, यमुना लसूण सोलते आहे. म्हणाली, "ते मास्तरीन तुमच्याकडं येते का?" वर्षा म्हणाली, "आई, इकडं असं कोणी कोणाकडं येत नाही. अपॉइंटमेंट घ्यावी लागते." "मंग मतं मांगाले कशी आल्ती? आधी तिले बलवा. खाली बसवा. तुमी वर बसा. सारं बोलून घ्या, मंग जा तिच्या दारात." मग लसणाची पाकळी हातात धरून तिनं विचारलं, "तुमच्यात असा येखांदा भोया मानूस हाय का, जो तिच्याकडं जाऊन तुमचं सारं सांगून देते?" वर्षा म्हणाली, "आहे एक. आम्ही त्याला काढून टाकणार आहोत." यमुना एकदम हसली. "नोको काढू वं बाई! लय कामाचा रायते असा मानूस." आणि हसता हसता तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं माझ्या मिशीला काही लागलं आहे. मी मिशी पुसली.

पुढची निवडणूक आली. दुसऱ्या पक्षाचे लोक यमुनेकडे आले, म्हणाले, मनोहरनं तुमचा घात केला, आमच्या बाजूनं बोला. तिनं त्यांना चहा दिला, मेथी निवडायला दिली, आणि हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी ती मनोहरसाठी फिरायला लागली. पण तिचं फिरणं असं... दारात उभी राहून म्हणायची, "मनोहरले मत द्या. आळशी हाय, अर्ध्यावर मानते, डोये मिटून बोलते. पन वरडलं तं ऐकू येते त्याले. दुसऱ्याले वरडूनबी ऐकू येत नाई." मनोहरची माणसं हात जोडून म्हणायची, बाई, तुम्ही प्रचार नका करू. मनोहर पडला. थोडक्यात पडला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्याकडे आला, एकटा, मान खाली. सवयीनं जमिनीवर बसायला लागला. यमुनेनं भिंतीकडं तोंड केलेली ती लाल खुर्ची ओढली, पदरानं पुसली. "वर बस. आता तू हारला." मनोहर त्या खुर्चीवर बसून लहान पोरासारखा हसला आणि मग रडला, आणि तिनं त्याच्या हातात मेथी दिली. पुढची पाच वर्षं तो खुर्चीवर बसला. मग परत निवडून आला आणि परत पोत्यावर गेला. अकरा वाजेपर्यंतचं काही बदललं नाही. दर रविवारी ती म्हणायची, "अर्धं राह्यलं." तो म्हणायचा, "हाय ध्यानात." संध्याकाळचं गिऱ्हाईक तिला आयुष्यभर मिळालं नाही, पण तिनं ते मागणं एक रविवार चुकवलं नाही.

ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मनोहर भेटायला आला, मागं चार-पाच माणसं. कोणीतरी खुर्ची पुढं केली. तो बसेना. माझ्याकडं पाहत म्हणाला, "वामन, पोतं कुठी हाय?" पोतं तिच्याबरोबरच दवाखान्यातून घरी आलं होतं. मी ते घडी करून तिच्या उशीपाशी ठेवलं होतं, आणि त्याला कोणी हात लावू नये असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "बस ना बे खुर्चीवर, आता कोन पायते?" तो म्हणाला, "वहिनी पायते." मग मी उठलो, पोतं आणलं आणि अंथरलं. त्याचे गुडघे कडकड वाजले. मी वर पलंगाच्या काठावर, तिच्या जागी. त्याची माणसं बाहेर थांबली. तो मान वर करून माझ्याकडं पाहत राहिला, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "मनोहर, त्या डावी मी तुले खबर देल्ली, ते तिले मी कधी सांगतलं नाई रे."

तो हसायलाच लागला. मरणाच्या घरात असं हसतात का, म्हणून बाहेरचे डोकावले. "अबे भैताडा," तो म्हणाला, "मी हारलो तवा वहिनीनंच सांगतलं मले. तुले पाठवतच तेच होती!" तो पुढं सांगायला लागला. "ते म्हने, अचानक गेलं तं मनोहर पयून जाईन. आधी समजलं तं लाजेनं घरीबी राहीन अन् साहेबालेबी बलावून ठेवीन. मी सोता कशी सांगू, बायका मले काय म्हनतीन? म्हून आमच्या यायले, म्हंजे तुले, सांगतो, अन् 'कोनाले सांगू नका' म्हनतो. मंग दोन तासात खबर पोचते." मी म्हटलं, "आन मी नसतो गेलो तं?" "कसा नसता गेला? तुह्या सायकलीत हवा कोन भरे?"

सगळ्या सकाळी आठवल्या मला. रोज बसणारं ते मागचं चाक, आणि ती मोर्चाचं सांगायची त्या दिवशी टच्च भरलेलं. माझं नशीब नव्हतं ते. पहाटे उठून, पंप आडोशाला नेऊन, पदर खोचून ती हवा भरत असणार... मी झोपेत घोरत असताना. माझी चोरी तिनं किती वर्षं सांभाळली. मी मिशी पुसत होतो, आणि ती मला पाहून हसत होती.

आणि मग पंपच आठवला. आमचा पंप माळ्यावर असतो. ती गेली त्या सकाळी तो दारात आडवा होता, मी त्याला शिवी दिली होती. दुसऱ्या दिवशी राजापेठेत गेलो, कमलला विचारलं, त्या सकाळी बाई मला फोन कायले करत होती. कमल आधी सांगेना. मग म्हणाली, "भाऊ, आदल्या दिवशी आमचं ठरलं होतं. संध्याकाळचं घ्याचं. सोमवारी मनोहरभाऊच्या दारात दुकानं लावाचे. बाई म्हनल्या, मी आमच्या यायले फोनवर सांगतो. अन् सारखं हसून राहिल्या होत्या, काहून ते समजलं नाई."

वर्षा दहाव्याला येऊन गेली. तिकडच्या मास्तरणीला त्यांनी तेव्हा खरंच बोलावलं होतं म्हणे, तळघरातल्या सभेत, आणि सगळे वर बाकावर आणि ती खाली गालिच्यावर. भांडण मिटलं नाही, पण बाई दर महिन्याला येते. तो भोळा माणूस त्यांनी काढला नाही. जाताना वर्षा पोतं मागत होती. मी दिलं नाही. तिला ढेपेचं दुसरं दिलं, तिनं ते बॅगेत घातलं, विमानतळावर उघडून दाखवावं लागलं म्हणे.

हिरव्या पट्टीचं पोतं आता मी घेऊन बसतो. सकाळी अकरापर्यंत, कमलच्या बाजूला, तिच्याच जागी. पहिल्या दिवशी घरी आलो तर मान वर होईना का खाली होईना. मळ्यात माणूस दिवसभर खाली पाहतो, इथं दिवसभर वर. एवढी वर्षं तिची मान दुखली असेल, आणि मी एकदा विचारलं नाही. गिऱ्हाईक म्हणतात, सांबाराच्या जुड्या आता मोठ्या झाल्या. देठ कमी घालतो.

बायकांनी तो सोमवार परत धरला आहे, येणारा. कमलनं मला सांगितलं आणि वर म्हणाली, "भाऊ, कोनाले सांगू नका." घरी येऊन मी पंप घेतला आणि मागच्या चाकात स्वतः हवा भरली. दम लागला. म्हातारीला कसा दम पुरत होता कोण जाणे. मग मनोहरच्या घरी गेलो. तो ओसरीवर होता, मला पाहून उठला. मी सायकलवरून उतरलोच नाही, एक पाय टेकवून म्हटलं, "सोमवारी घरीच राह्यजो. साहेबाले बलावून ठेव. पोतं मी घेऊन येतो."